मार्टिनचा कंदील: फुग्याचा की डब्याचा?

ऑक्टोबर सरत आला की जर्मनीत कीटाच्या, म्हणजे पाळणाघर-बालवाडीच्या, दारावर कागद लागतो. ११ नोव्हेंबरला किंवा त्याच्या आगेमागे, संध्याकाळी पाचला सांक्ट मार्टिनची म्हणजे संत मार्टिनची मिरवणूक, मुलांनी कंदील घेऊन यावे. काही कीटा एका दुपारी पालकांना बोलावून कंदील तिथेच करून घेतात. तिथे प्रश्नच मिटला, समोर येईल ते चिकटवायचं. पण कागदावर ‘घरून आणा’ असं असेल, किंवा धाकट्यालाही स्वतःचा कंदील हवा असेल, तर तीन वाटा उरतात. फुग्यावर कागद चढवून केलेला गोल कंदील, चीजच्या गोल डब्याला कागद गुंडाळून केलेला उभा कंदील, आणि दुकानातून आणलेला घडीचा.

भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणाऱ्या रोमन शिपायाची गोष्ट मूल कीटातून शिकून येतंच, ती इथे सांगत नाही. ११ तारीख त्याच्या दफनाची, इसवी सन ३९७ मधली. मिरवणुकीत पुढे घोड्यावर मार्टिन, मागे बँड, त्यामागे मुलं, शेवटी शेकोटी, एवढा सगळा घाट आहे. पश्चिमेकडच्या ऱ्हाइनलँडात शेवटी हातात व्हेकमान पडतो, म्हणजे मनुक्यांचे डोळे आणि मातीची चिलीम लावलेला पावाचा माणूस. तिकडे हा सण आपल्या गणपतीच्या मिरवणुकीइतकाच मनावर घेतात. उत्तरेत हाम्बुर्गकडे मार्टिनची वाटही बघत नाहीत, सप्टेंबरपासूनच कंदील बाहेर पडतात.

आपल्या माणसाला यात एक आयता फायदा आहे. इथे ट्रान्सपारेंटपापीअर म्हणून जो कागद मिळतो त्यालाच ड्राखेनपापीअर म्हणतात, म्हणजे शब्दशः पतंगाचा कागद. ज्याने लहानपणी कामट्यांना खळ लावून आकाशकंदील केला आहे त्याच्या हातांना हे काम नवं नाही. फरक एकच, पण मोठा. आकाशकंदील गॅलरीत छपराखाली टांगला की तो दोन आठवडे तिथेच. हा कंदील चालतो. तोही चार वर्षांच्या मुलाच्या हातातल्या काठीला लोंबकळत, नोव्हेंबरच्या भुरभुर पावसात, पाऊण तास. पुढच्या सगळ्या भानगडी यातून निघतात.

म्हणून कंदील दिसतो कसा याच्या आधी त्याला काय सोसायचं आहे ते बघावं. सूर्य पाचच्या आत मावळलेला असतो. हवा पाच-सहा अंशांची, मुलाच्या हातात जाड मोजे. वाटेत तीन-चार ठिकाणी थांबून गाणी होतात, तेव्हा मुलं काठी खाली टेकवतात आणि कंदील ओल्या पानांवर बसतो. तीन वर्षांच्या मुलाचा हात छातीपाशी, काठी अर्ध्या मीटरची, आणि दमल्यावर ती पुढे झुकणारच. त्यामुळे त्या वयाला कंदिलाची उंची १८ सेंटिमीटरच्या वर नको. शाळेतल्या मुलाला २२ चालतं. गर्दीत पुढच्याच्या पाठीवर आपटणं हे तर धरूनच चालायचं.

फुग्याचा कंदील

दिसायला हाच उजवा, हे आधीच कबूल करतो. आतून दिवा लागला की सगळा गोळा एकसारखा उजळतो, फाडून चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा एकमेकांवर येऊन रंगांत रंग मिसळतात. आकाराला कोपरे नसल्यामुळे वारा अडत नाही. वजनाला तर तो पिसासारखा. तीन वर्षांचं मूल तो शेवटपर्यंत वर धरू शकतं, हा गुण लहान नाही.

करायची रीत अशी. फुगा साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा फुगवावा, त्याहून मोठा नको. क्लाइस्टर म्हणजे भिंतीचा कागद चिकटवायची पावडर बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, मिळते. साधी घ्यावी. ‘श्पेत्सियाल’ (खास) लिहिलेल्या पाकिटात कृत्रिम रेझिन मिसळलेलं असतं, ते मुलांच्या हातांना नको. पाव लिटर थंड पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे पावडर, एका हाताने भुरभुरवत आणि दुसऱ्या हाताने ढवळत घालावी. वीस मिनिटं तसंच ठेवून पुन्हा ढवळावं. गरम पाणी घेऊ नये. ही मिथाइल सेल्युलोज असते, ती थंड पाण्यातच विरघळते, गरम पाण्यात तिच्या गुठळ्या होतात. शिजवल्याशिवाय खळ होत नाही हे ज्यांच्या हाडीमासी खिळलेलं आहे, ते इथे हमखास चुकतात.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेली कड विरळ असते, ती शेजारच्या तुकड्यात विरून जाते. कापलेली कड दिवा लागल्यावर रेघ होऊन दिसते. तुकडे चार-पाच सेंटिमीटरचे. पहिला थर पांढरा, वर दोन थर रंगीत, प्रत्येक थरावरून पुन्हा क्लाइस्टरचा हात. गाठीकडचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायचा, तेच कंदिलाचं तोंड. मग गाठीला दोरा बांधून कपडे वाळत घालायच्या स्टँडला टांगायचा, खाली वर्तमानपत्र. वाटीवर ठेवून वाळवायचा असेल तर वाटीवर क्लिंग फिल्म ताणावी, नाहीतर वाटी आणि कंदील एकच वस्तू होऊन जाते.

इथपर्यंत मजाच असते. मुलांना चिकट हात आवडतात, आणि या कामात वाकडं असं काही होतच नाही. पुढचे दोन दिवस मात्र मोठ्यांचे.

वाळायला दोन दिवस लागतात, आणि जर्मन घरांतला नोव्हेंबर त्याला साथ देत नाही. बऱ्याच इमारतींत रात्री हीटिंग आपोआप कमी होतं. खोली गार झाली की फुग्यातली हवा आक्रसते, शिवाय फुगा थोडीथोडी हवा सोडतच असतो. बाहेरचा कागद अजून ओला, आतला आधार लहान झालेला. सकाळी बघावं तर पृष्ठभागावर भिजलेल्या बोटांसारख्या सुरकुत्या. यावर उपाय म्हणून कोणी तो हीटरजवळ नेतो, मग उलटं होतं. हवा प्रसरण पावते आणि वरचा वाळत आलेला थर तडकतो. चालणारा उपाय कंटाळवाणा आहे. एक थर द्यायचा, चार-पाच तास थांबायचं, तो कडक झाला की दुसरा. म्हणजे शनिवार सकाळी सुरुवात करून रविवार रात्री कंदील तयार.

फुगा काढतानाही घाई नडते. टाचणी मध्येच टोचली तर रबर फाटकन आक्रसतं आणि चिकटलेल्या जागी कागद आत ओढून खळगा पाडतं. गाठीच्या अगदी लगत, जिथे रबर सैल असतं तिथे टोचावं. हवा हळू निघते, फुगा सुटत सुटत आत जातो. मग तोंडाची कड कात्रीने सारखी करून समोरासमोर दोन भोकं, त्यांत तार.

आता ज्या एका गोष्टीने माझ्या मनातला हा कंदील मागे पडला ती. क्लाइस्टर थंड पाण्यात कालवता येतो, तो थंड पाण्यात सुटतोही. वाळला म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. मिरवणुकीत मुसळधार पाऊस नसतोच, तसा असता तर मिरवणूकच रद्द झाली असती. असतो तो नीझेलरेगेन, डोळ्यांना न दिसणारा आणि चष्म्याला कळणारा तुषार. पहिली पंधरा मिनिटं काही होत नाही. मग वरच्या बाजूला कागद ठिपक्याठिपक्याने गडद होतो. हात लावला तर बुळबुळीत लागतो, म्हणजे क्लाइस्टर पुन्हा जिवंत झालेला असतो. अर्ध्या तासात पूर्ण गोळ्याचा कडकपणा जातो. पण तो तिथे फाटत नाही, फाटतो वरच्या दोन भोकांपाशी. सगळं वजन त्या दोन बिंदूंवर असतं. भोकं आधी लांबट होतात, मग एका बाजूची तार कागदातून उतरते आणि कंदील एका कानाने लोंबू लागतो. हे नेमकं शेकोटीपाशी, शेवटच्या गाण्याच्या वेळी घडतं, कारण तोवर भिजायला पुरेसा वेळ मिळालेला असतो. मुलाला त्या क्षणी समजावता येत नाही. दोन दिवसांची मेहनत, आणि हातात काठी.

यावर उपाय नाहीत असं नाही. तोंडाच्या आतून दोन सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी गोल चिकटवली तर भोकांना धर मिळतो. ही पट्टी तर प्रत्येकाने लावावीच. बाहेरून पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन हात दिले तर कंदील पाऊस सोसतो, पण वाळायला आणखी एक दिवस द्यावा लागतो आणि वास दोन दिवस राहतो. वरून पारदर्शक पिशवी घालणारेही दिसतात. ती वाऱ्यात फडफडते आणि गोळ्याची सगळी शोभा घालवते.

आपली खळ वापरली तर? एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर तकतकीत होईपर्यंत शिजवलेली. शिजवलेली खळ वाळल्यावर थंड पाण्याला क्लाइस्टरइतकी पटकन दाद देत नाही, हे खरं आहे. पण ती पिवळट दिसते, कागदाचा पारदर्शकपणा खाते, आणि तीन थरांत वापरली तर दमट खोलीत तिसऱ्या दिवशी तिला बुरशीचा वास येऊ लागतो. कामटीला बोटभर लावायला खळ उत्तम. तिने अख्खा गोळा उभारणं मला तरी पटलेलं नाही.

डब्याचा कंदील

याचं रूप साधं आहे. खाली लाकडी चकती, वर कडं, मध्ये कागदाचं नळकांडं. शेजारी फुग्याचा कंदील ठेवला तर हा जरा शाळकरी वाटतो. पण याचा भार कागदावर नसतो, पातळ लाकडाच्या कड्यावर असतो. पावसात पडणारा फरक तेवढ्यानेच पडतो.

खरा कामांबेअर चीजचा डबा ११-१२ सेंटिमीटरचा असतो, तो तीन वर्षांच्या मुलाला ठीक. मोठ्यांसाठी कलासाहित्याच्या दुकानात याच कामाचे १५-१६ सेंटिमीटरचे कोरे डबे मिळतात. चीजचाच डबा वापरायचा तर आधी ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस उघडा ठेवावा. वास पूर्ण जात नाही, पण बाहेरच्या हवेत कळतही नाही.

झाकणाचा मधला भाग कापून काढायचा, नुसती कड ठेवायची. तळ तसाच. तळाला दाभणाने दोन-तीन बारीक भोकं पाडावीत, आत शिरलेलं पाणी साठत नाही. मग कागद. १६ सेंटिमीटर व्यासाला परीघ ५०च्या किंचित वर येतो, दीड सेंटिमीटर जोडाला, म्हणजे पट्टी ५२ची. ट्रान्सपारेंटपापीअरचा ताव बहुधा ५० सेंटिमीटर रुंद असतो. आडव्या बाजूने पट्टी कापली की शेवटी दोन सेंटिमीटरची फट राहते, आणि हे कळतं तेव्हा कागद कापून झालेला असतो. लांब बाजूने कापा. घरात डबा वेगळ्या मापाचा असेल तर परीघ दोऱ्यानेच मोजा, व्यासाला ३.१४ने गुणत बसण्यात लाकडाची जाडी सुटते.

कागद जाड घ्यावा. पतंगाचा म्हणून मिळणारा ४२ ग्रॅमचा असतो, तो फुग्यावर थर द्यायला योग्य, पण नळकांड्यात वाऱ्याने खपाटीला जातो. त्याचाच ११५ ग्रॅमचा जाड भाऊ मिळतो, तो इथे हवा. त्यावर पातळ कागदाची नक्षी कापून आतल्या बाजूने डकवावी. बाहेरून डकवली की तिच्या कडा पहिल्या पावसाला उभ्या राहतात.

याहून मला आवडणारी दुसरी रीत आहे, ती वाल्डोर्फ या शिक्षणपद्धतीच्या बालवाड्यांतून सगळीकडे पसरली. साध्या जाड चित्रकलेच्या कागदावर मुलाने हवं तसं जलरंगाने रंगवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग ब्रशने दोन्ही बाजूंना सूर्यफुलाचं तेल. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या कागदाने टिपून घ्यायचं आणि रात्रभर दोरीवर. कागद अर्धपारदर्शक होतो, रंग काचेच्या खिडकीसारखे दिसतात, आणि मुख्य म्हणजे तुषार त्यावरून ओघळून जातो. दोन गोष्टी सांभाळायच्या. तेल लागलेल्या कागदाला काहीच चिकटत नाही, म्हणून चारी कडांना दोन सेंटिमीटर जागा कोरडी सोडायची. तेल सरकतं, त्यामुळे एक सेंटिमीटर पुरत नाही. आणि या कंदिलात मेणबत्ती अजिबात नाही, तेलकट कागद क्षणात पेटतो. जवसाचं तेलही नको, त्याचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप तापतात.

चिकटवायला काठीचा गोंद (ग्लू स्टिक) लाकडावर टिकत नाही. १२ मिलिमीटरची दुहेरी चिकटपट्टी डब्याच्या कडेला बाहेरून फिरवावी आणि कागद तिच्यावर दाबत न्यावा. कागद कडेच्या बाहेरून यावा, आतून नाही. बाहेरून असला की पाणी जोडावरून खाली टपकतं. आतून असला तर कड पन्हळीसारखं काम करते आणि पाणी बरोबर जोडात नेऊन सोडते. उभ्या जोडाला पातळ गोंद आणि कपड्यांचे चिमटे, वीस मिनिटं.

वरच्या कड्याला कडेपासून एक सेंटिमीटर खाली, समोरासमोर दोन भोकं. सुई किंवा दाभण फिरवत पाडावीत. खिळा ठोकला तर हे पातळ लाकूड तंतूंच्या रेषेत चिरतं. तार एक मिलिमीटरची, ३५ सेंटिमीटर. दोन्ही टोकं आत वळवून पक्कडीने दाबून टाकावीत, नाहीतर ती मोज्यांच्या लोकरीत अडकतात.

आता या कंदिलातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. कमानीच्या बरोबर मध्यावर तारेला एक पीळ देऊन बारीक फासा करावा, आणि काठीचा आकडा त्या फाशात अडकवावा. सरळ गुळगुळीत कमानीवर आकडा चालता चालता एका बाजूला सरकतो. कंदील कलतो, दिवा कागदाला टेकतो, आणि एकाच जागी पांढरा डाग दिसून बाकी सगळा अंधार. घरून आणलेल्या कंदिलांपैकी निम्मे तरी या एका पिळावाचून तिरके चालताना दिसतात.

याचे दोष? वजन. फुग्याच्या कंदिलापेक्षा हा हाताला दुप्पट तरी लागतो, आणि पाऊण तासाच्या शेवटी तो बहुतेक वेळा आईबाबांच्या हातात असतो. वारा सुटला की सपाट नळकांडं गिरक्या घेतं. आणि मुलाचा सहभाग कमी. रंगवणं त्याचं, पण मोजणं, कापणं, चिकटवणं सगळं मोठ्यांचं. फुग्याच्या कामात दोन वर्षांचं मूलही तुकडे थापू शकतं. ज्यांना कंदिलापेक्षा ती दुपार महत्त्वाची वाटते, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एवढंच की डब्याचं काम एका संध्याकाळी होतं. तेलाची रीत घेतली तर दोन.

घडीचा कंदील

दोन-चार युरोत मिळतो, चंद्राचा चेहरा किंवा सूर्य छापलेला. पिशवीत मावतो, ट्राममध्ये चिरडत नाही, आजी-आजोबा भारतातून आले असतील तर परतीच्या बॅगेतही जातो. कोरड्या संध्याकाळी काही बिघडत नाही. पण तळाला वजन नसल्यामुळे झुळूक आली की तो भात्यासारखा मिटून काठीला जाऊन भिडतो, आणि ओला झाला की घड्या एकमेकींना चिकटतात. शिवाय गटात तेच तेच पाच चंद्र असतात, म्हणून तळाशी नाव लिहा. उत्तरेकडे सप्टेंबरच्या मिरवणुकांना मी हाच सुचवेन. नोव्हेंबरला एक घडी केलेला पिशवीत राखीव असावा, बाकीच्यांसाठी तेवढं पुरे.

दिवा

कंदिलापेक्षा दिव्यावरून जास्त संध्याकाळी बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबतो. खऱ्या मेणबत्तीचा उजेड सुंदर, यात वाद नाही. पण बहुतेक कीटा आता स्पष्ट ‘फक्त एलईडी’ लिहितात, आणि गर्दीत पुढच्याची जाकिटं बघता ते बरोबरच आहे.

मग राहते लाटेर्नेनश्टाब, बॅटरीची काठी. तिच्या मुठीत दोन एए सेल बसतात, टोकाला आकडा आणि वायरीला लोंबणारा छोटा दिवा. जुन्या तारेच्या दिव्याचा उजेड पिवळा आणि उबदार, पण गोळी म्हणजे बल्ब चालता चालता सैल होते. दिवा गेला की सेल बदलण्याआधी गोळी पाव आटा आवळून बघा. नव्या एलईडीत ही भानगड नाही, मात्र स्वस्त काठीचा उजेड निळसर पांढरा असतो आणि त्यात पिवळा कागद हिरवट, आजारी दिसतो. पाकिटावर ‘वार्मवाइस’ (उबदार पांढरा) आहे का ते पाहून घ्यावं. सेल मिरवणुकीच्या दिवशी दुपारी घालावेत. आदल्या रात्री घातले की मूल अंथरुणात चालू-बंद करत बसतं.

रंगाचंही इथेच सांगतो. निळा आणि जांभळा कागद दिवसा देखणा, रात्री जवळजवळ काळा. छोट्या पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश मुळात कमी असतो, तो कागदातून येणार कुठून? पिवळा, नारिंगी, लाल, पोपटी भरपूर ठेवावेत, निळा चांदणीपुरता.

लोंबणाऱ्या दिव्याची खरी अडचण उभ्या कंदिलात जाणवते. तो वरच्या तिसऱ्या हिश्शातच राहतो, खालचा भाग अंधारा. फुग्याचा गोळा या बाबतीत पुन्हा उजवा, त्यात एकच दिवा मध्यावर येतो. डब्याच्या कंदिलाला मी म्हणेन काठीच्या दिव्याचा नाद सोडा. तांब्याच्या बारीक तारेवरची २० एलईडींची माळ घ्या, एका मोकळ्या काचेच्या बरणीला किंवा पुठ्ठ्याच्या नळीला सैल गुंडाळून तळाशी चिकटवा. बरणी पडली तर फुटते, म्हणून लहान मुलांना नळीच. बॅटरीची डबी एए सेलची आणि झाकणाला स्क्रू असलेली हवी. बटण सेलवाली माळ हलकी असते, पण ते सेल मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेततं. डबी तळाच्या मध्यावर बसवली की तिचं वजनही कामाला येतं, कंदिलाच्या गिरक्या कमी होतात. मग काठी साधी: आठ मिलिमीटर जाडीची लाकडी गोल दांडी, ५० सेंटिमीटर, टोकाला आटे असलेला आकडा. आकड्याचं तोंड पक्कडीने जवळजवळ मिटवून टाकावं, म्हणजे धक्क्याने कंदील निसटत नाही.

तर मग कुठला?

मूल तिनाच्या आतबाहेर असेल, हवामानाच्या अंदाजात कोरडी संध्याकाळ असेल आणि घरात एक मोकळा शनिवार-रविवार असेल, तर फुग्याचा करा. पुठ्ठ्याची पट्टी आतून लावायला विसरू नका. तशी संध्याकाळ मिळाली तर अख्ख्या मिरवणुकीत त्याच्याइतका सुंदर कंदील दुसरा नसतो, हे मी डब्याचा माणूस असूनही म्हणतो.

पण नोव्हेंबरचा अंदाज तीन दिवस आधी काय सांगतो आणि पाच वाजता काय पडतं, यातला फरक इथे राहणाऱ्याला सांगायला नको. फुग्याचा कंदील अंदाजाच्या भरवशावर दोन दिवस आधी सुरू करावा लागतो. डब्याचा आदल्या संध्याकाळीही होतो आणि पावसाला विचारून करावा लागत नाही. शिवाय तो उरतो. पुढच्या वर्षी कागद तेवढा फाडून नवा लावायचा, लाकडी चकती, कडं, तार सगळं तेच. कोल्नमध्ये (इंग्रजीत कलोन) राहणाऱ्यांना आणखी एक सोय: तिथे ११ तारखेला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा मोसम उघडतो आणि दिवसभर ट्राम वेशभूषेतल्या गर्दीने भरलेल्या असतात. त्या गर्दीतून कीटापर्यंत न्यायची वेळ आली तर लाकडी कड असलेला कंदील पोटाशी धरून नेता येतो. फुग्याचा तिथेच चपटा होतो.

मिरवणुकीच्या दिवशी पिशवीत कंदिलाबरोबर चार वस्तू टाका: दोन जादा सेल, हातभर तार, चिकटपट्टी आणि घरचा कप. शेकोटीपाशी किंडरपुन्श म्हणजे बिनदारूचं गरम फळांचं पेय मिळतं, पण कप ज्याचा त्याने आणायचा असतो. व्हेकमानच्या कणकेत दूध-लोणी असतं आणि बरेचदा अंडंही. घरात कोणी अंडं खात नसेल तर बेकरीवाल्याला आधी विचारलेलं बरं.

२०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज बरोबर ११ला. त्या वर्षी डब्याचा एकच कंदील दोन्ही सणांना पुरेल. वसुबारसेला बाल्कनीत लावा, भाऊबीजेला दुपारी उतरवून काठीला अडकवा. फक्त बाल्कनीसाठी खाली झिरमिळ्या लावल्या असतील तर त्या तेव्हा चार बोटांवर कापून टाका, नाहीतर ओल्या पानांतून सगळा रस्ता झाडत येतील.